धोट्याचा कानोसा

आवाजाला दिशा असते, असे भाषा गृहीत धरून चालते; उजवीकडून हाक आली, माडीवरून कुजबुज ऐकू आली, पाठीमागे कोणाची तरी चाहूल लागली, अशी वाक्ये बोलताना कोणालाही अडखळावे लागत नाही. कानाच्या पडद्याला मात्र यांतले काहीच ठाऊक नसते. हवेच्या दाबातील चढउतारांबरोबर तो आत-बाहेर हलतो, आणि लाट उजवीकडून आलेली असो की मागून, त्याच्या हलण्यात पुढे, मागे, वर, खाली असे काही नोंदले जात नाही. डोळ्याच्या पडद्यावर बाहेरच्या जगाची, उलटी का होईना, आकृती उमटते आणि त्या आकृतीत डावे-उजवे आपोआपच येते. कानाला तशी सोय नाही. ऐकणाऱ्याला कळणारी दिशा ही दोन पडद्यांच्या हालचालींतील बारीकशा तफावतीवरून मेंदूने बांधलेली अटकळ असते, आणि ती अटकळ इतक्या लवकर व इतक्या गुपचूप बांधली जाते की ती अटकळ आहे हे जन्मभर लक्षात येत नाही. ध्वनिमिश्रणाच्या व्यवसायात ज्याला बायनॉरल पॅनिंग म्हणतात, म्हणजे दोन्ही कानांचा वेगवेगळा हिशेब मांडून मिश्रणातील एकेका आवाजाला श्रोत्याभोवतीच्या अवकाशात जागा नेमून देणे, ते या अटकळीला हवा तो पुरावा तयार करून पुरवण्याचे तंत्र होय. पुरावा बनावट असतो. अटकळ मात्र खरीच असते.

अशा विषयाच्या चर्चेत बऱ्हाणपूर सहसा कोणाला आठवणार नाही. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी, पुढे मोगलांच्या दख्खन मोहिमांचे ठाणे. मुमताज महल १६३१ मध्ये येथेच वारली आणि तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिचे तात्पुरते दफन झाले. जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेखही आहे. एवढे प्रवासवर्णनांतून बहुतेकांना माहीत असते. ही सारी पाहण्याची स्थळे झाली. भुसावळ-खांडवा लोहमार्गावरचे हे गाव, जेथे मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती आणि निमाडी यांची सरमिसळ बाजारातल्या एका फेरीत कानावर पडते, ते ऐकण्याच्या दृष्टीने एका वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचे ठरते, आणि ते कारण कापडाचे आहे. सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या येथून गेला, तेव्हा येथले तलम पांढरे कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जात असल्याची नोंद त्याने केली. आज तो तलमपणा उरलेला नाही, पण विणकाम उरले आहे. बोलण्यात पावरलूम आणि लिहिण्यात यंत्रमाग या नावाने हजारो माग या गावात चालतात आणि मोहल्लेच्या मोहल्ले त्यांच्या आवाजाखाली राहतात.

साध्या यंत्रमागाची रचना पाहिली की हा आवाज येथे का महत्त्वाचा आहे ते ध्यानात येते. उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर ताणून बसवलेले असतात. वरखाली होणाऱ्या चौकटी त्यांचे दोन थर करतात, आणि त्या थरांमधल्या फटीतून, आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन, धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो. फेकण्याचे काम मागाच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या लाकडी काठ्या आळीपाळीने करतात. डाव्या काठीचा फटका बसतो, धोटा सणसणत जाऊन उजव्या पेटीत आदळतो, मधली फणी तो नवा धागा कापडाला ठोकून बसवते, आणि लगेच उजवी काठी धोट्याला परत पाठवते. मिनिटाला १०० ते १५० वेळा हे चालते. मागासमोर उभ्या असलेल्या विणकराच्या दृष्टीने हा डावा, उजवा आणि मधला अशा तीन ठिकाणांचा ठेका आहे, आणि त्यात एक वस्तू सारखी या कानाकडून त्या कानाकडे जात असते. मिश्रणाच्या टेबलावर बसलेला अभियंता एक खुंटी फिरवून आवाज डावीकडून उजवीकडे नेतो, तेव्हा तो जे करतो ते विणकरासमोर रोज हजारो वेळा घडत असते. फरक एवढाच की धोटा खरोखर जातो.

ती खुंटी, जिला पॅनपॉट म्हणतात, ती नेमके काय करते हे येथे सांगितले पाहिजे, कारण बायनॉरल पद्धतीचे वेगळेपण त्याशिवाय उमगत नाही. पॅन हा शब्द पॅनोरामाचा, म्हणजे विस्तृत दृश्याचा, संक्षेप आहे, आणि हे साधन प्रथम गाजले ते डिस्नेच्या १९४० मधील ‘फँटेशिया’ या चित्रपटामुळे, ज्याच्या संगीताला पडद्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवण्यासाठी अभियंत्यांनी ते घडवले होते. तत्त्व साधे आहे: एकच आवाज दोन वाहिन्यांत वाटून द्यायचा, डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी, किंवा उलट. दोन स्पीकरसमोर बसलेल्या श्रोत्याला त्यामुळे आवाज स्पीकरांच्या मधल्या रेषेवर कोठेतरी उभा असल्याचा भास होतो. हाच मिश्रित आवाज हेडफोनमधून ऐकला, की ती रेषा आकसून दोन कानांच्या मध्ये, थेट कवटीच्या आत येऊन बसते. गायिका कपाळामागे गाते, तबला उजव्या कानशिलात वाजतो, आणि श्रोता त्याला इतका सरावलेला असतो की डोक्यात मैफल भरली आहे याचे त्याला नवल वाटत नाही. धोट्याचा आवाज असा खुंटीने वाटला तर धोटा डोक्यातून आरपार जाईल. विणकराच्या समोरून, हातभर अंतरावरून तो जाणार नाही.

समोरून जाण्यासाठी मध्ये डोके लागते. प्रत्यक्षात डावीकडून आलेला फटका फक्त डाव्या कानालाच ऐकू येतो असे कधीच होत नाही. तो उजव्या कानालाही पोहोचतो, थोडा उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा क्षीण होऊन. माणसाच्या दोन कानांमधले अंतर, डोक्याला वळसा घालून जाणारी वाट धरली तरी, इतके कमी आहे की पूर्णपणे एका बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानाला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोन तृतीयांश एवढाच उशीर करतो. मागाच्या कडेला असलेल्या पेटीतून, समजा ५० अंशांच्या कोनातून, आलेल्या फटक्याच्या बाबतीत हा उशीर मिलिसेकंदाच्या चार दशांशांच्या आसपास भरेल. एवढ्याशा काळात कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर हे माणसाला जाणीवपूर्वक सांगता येणे अशक्य आहे, आणि तरीही समोरच्या भागात एका अंशाइतका फरकही अनुकूल परिस्थितीत ओळखता येतो, ही मानवी शरीराने केलेली काळमोजणीची कमाल म्हटली पाहिजे. आवाजाचा वेग हवेच्या उष्णतेबरोबर वाढतो हे लक्षात घेतले तर जाता जाता एक गंमतही हाती लागते: पारा ४३ अंशांवर गेलेल्या बऱ्हाणपूरच्या वैशाखात आवाज थंडीतल्या पहाटेपेक्षा सुमारे एक विसांश अधिक वेगाने धावतो, म्हणजे कानांच्या हिशेबाने उन्हाळ्यात प्रत्येकाचे डोके तितकेच लहान होते. मेंदूला त्याने काही अडत नाही. उन्हाने डोके आटले अशी तक्रार अद्याप कोणी केलेली नाही.

उशीर आणि आडोसा या दोन खुणांची विभागणी लॉर्ड रेली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ च्या निबंधात केली. त्याआधी कित्येक वर्षे त्याने आपल्या बागेत डोळे मिटून उभे राहून, भोवती माणसे उभी करून, त्यांच्या बोलण्याची आणि नादकाट्यांची दिशा ओळखण्याचे प्रयोग केले होते. खालच्या पट्टीच्या, म्हणजे ढोबळमानाने १५०० हर्ट्झच्या खालच्या, लांब लाटा डोक्याला सहज वळसा घालतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत आडोसा कामाचा नसतो आणि उशीरच दिशा सांगतो. वरच्या पट्टीतल्या आखूड लाटा डोक्यावर अडतात, पलीकडच्या कानावर सावली पडते, आणि तेथे तीव्रतेतला फरक बोलू लागतो. उन्हात उभ्या असलेल्या माणसाची सावली पाहून सूर्य कोठे आहे ते सांगावे, तसाच हा प्रकार आहे. दिशा कळते ती आवाज सुखरूप पोहोचल्यामुळे कळत नाही, वाटेत त्याचे जे नुकसान झाले त्यावरून कळते. आणि बायनॉरल पॅनिंगचे सारे कौशल्य म्हणजे एखाद्या निर्मळ, कोरड्या ध्वनिमुद्रणाचे बेतशीर नुकसान करणे होय. स्वच्छ आवाजाच्या मागे लागलेल्या व्यवसायाला हे मान्य करणे जड जाते, आणि या पद्धतीविषयी अभियंत्यांमध्ये जी नाराजी आढळते तिचे मूळ, बारकाईने पाहिल्यास, येथेच सापडते.

उशीर आणि आडोसा मिळूनही सर्व प्रश्न सुटत नाहीत. समोर ३० अंश उजवीकडे असलेला आवाज आणि पाठीमागे तितकाच उजवीकडे असलेला आवाज या दोहोंसाठी दोन कानांतील उशीर जवळजवळ सारखाच असतो. तसाच तो वरच्या आणि खालच्या काही जागांसाठीही असतो, आणि अशा सर्व जागा मिळून कानावर टेकवलेल्या शंकूसारखी आकृती होते, जिला शास्त्रज्ञ संभ्रमाचा शंकू म्हणतात. या शंकूतून सुटका करतो तो कानाचा बाहेरचा भाग, ज्याला बोलीत कानाची पाळी, पाकळी असे काहीही म्हटले जाते. त्याच्या वळ्या आणि खळगे सुमारे ५००० हर्ट्झच्या वरच्या आवाजातील काही पट्ट्या उठावदार करतात, काही दाबून टाकतात, आणि ही उठवादाबी आवाज समोरून, मागून वा वरून येत असेल त्याप्रमाणे बदलते. डोके, खांदे आणि कान मिळून एखाद्या दिशेने आलेल्या आवाजात जो बदल घडवतात त्याच्या गणिती नोंदीला इंग्रजी आद्याक्षरांवरून एचआरटीएफ म्हणतात. मराठीत तिला डोक्याची ध्वनिमुद्रा म्हटले तर अर्थ नेमका पोहोचेल. बायनॉरल पॅनिंग करणाऱ्या संगणकीय साधनाच्या पोटात अशा शेकडो दिशांच्या मुद्रांचा संच असतो. अभियंता पडद्यावर एक ठिपका सरकवतो आणि साधन त्या दिशेची डावी व उजवी मुद्रा त्या आवाजावर उमटवते.

आता प्रश्न असा की या मुद्रा कोणाच्या डोक्याच्या असतात. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावरील दूरध्वनियंत्रांचा आवाज श्रोत्याच्या दोन कानांना दोन वेगळ्या तारांनी पोहोचवला, तेव्हा मध्ये डोके नव्हतेच. अॅलन ब्लूमलाइन याने १९३१ मध्ये इंग्लंडात आज ज्याला स्टिरिओ म्हणतात त्याचे एकस्व मागितले, आणि त्यात शब्द मात्र बायनॉरल असाच वापरला. कानांजवळ ध्वनिग्राहक बसवलेला ‘ऑस्कर’ नावाचा पुतळा बेल प्रयोगशाळेने १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात ठेवला, आणि पुढे नॉयमान या जर्मन कंपनीच्या कृत्रिम डोक्यांनी ही परंपरा रेडिओ नाटकांपर्यंत नेली. एखाद्या सरासरी युरोपीय डोक्याच्या आकाराचा रबरी कान बऱ्हाणपूरच्या श्रोत्याच्या कानावर चढवला जातो, तेव्हा डावे-उजवे ठीक जमते, पण समोरचा आवाज अनेकदा मागे उडी मारतो किंवा डोक्यावर जाऊन बसतो, कारण पाकळीच्या वळ्या माणसागणिक वेगळ्या असतात. दुसऱ्याच्या चपला पायात घालून चालता येते, पण ठेच लागण्याची जागा बदलते.

यावरचा दिलासा १९९८ मध्ये नेदरलँड्समधील नायमेखन येथील संशोधकांनी दिला. त्यांनी काही जणांच्या कानांच्या खळग्यांत साचे बसवून त्यांचा आकार बदलून टाकला. सुरुवातीला त्या लोकांना आवाज वरून येतो की खालून हे मुळीच ओळखता येईना. काही आठवडे तेच कान घेऊन रोजचे व्यवहार केल्यावर ती ओळख हळूहळू परत आली. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे साचे काढल्यावर जुने कान लगेच पूर्ववत चालू लागले. मेंदू नवी भाषा शिकतो आणि मातृभाषा विसरत नाही, तसे हे झाले; सीमेवरच्या गावात दोन-तीन भाषांत वाढलेल्या माणसाला यात फारसे आश्चर्य वाटू नये.

पुढे आणि मागे यांच्या संभ्रमाचा सर्वांत शुद्ध नमुना बऱ्हाणपूरच्या जमिनीखाली आहे. अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारीच्या काळात, १६१५ च्या सुमारास, इराणी पद्धतीची भूमिगत जलयोजना येथे उभारली गेली. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरणारे पाणी एका बोगद्यातून गावाकडे वाहते, आणि बोगद्यावर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी विवरे आहेत, ज्यांना कुंड्या म्हणतात. त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. कुंडी भंडारा किंवा खूनी भंडारा या नावाने ओळखली जाणारी ही योजना २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारशांच्या यादीत गेली. सुमारे ८० फूट खाली उतरल्यावर जो अरुंद बोगदा लागतो, ज्याच्या भिंतींवर क्षारांची पुटे चढली आहेत, तेथे आवाजाचे वागणे जमिनीवरच्याहून निराळे असणे भागच आहे. भिंती हाताच्या अंतरावर असल्याने थेंबाच्या मूळ आवाजामागोमाग दोन-चार मिलिसेकंदांतच त्याची प्रतिबिंबे दोन्ही बाजूंनी येतात. सर्वांत आधी पोहोचणाऱ्या आवाजावर विसंबून नंतरच्यांना दिशेच्या बाबतीत गप्प बसवण्याची मेंदूची जी खोड आहे, जिचा अभ्यास हेल्मुट हास याने १९४९ च्या सुमारास केला, ती येथे पदोपदी कामाला लागते. शिवाय बोगद्यात डावे-उजवे म्हणून काही शिल्लकच राहत नाही. आवाज यायचा तर पुढच्या कुंडीकडून किंवा मागच्या कुंडीकडून, आणि दोन्ही दिशा दोन्ही कानांना समान अंतरावर असतात. म्हणजे दोन कान असूनही त्यांच्यातली तफावत शून्य होते. नेमकी हीच दिशा, नाकासमोरची आणि पाठीमागची, बायनॉरल पॅनिंगला सर्वांत अवघड जाते.

अशा ठिकाणी माणूस काय करतो, तर कानोसा घेतो. या क्रियेसाठी मराठीत एक स्वतंत्र शब्द असावा हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण कानोसा घेणे म्हणजे केवळ ऐकणे नव्हे. त्यात थांबणे आहे, श्वास धरणे आहे, आणि मान थोडी वळवणे आहे. गाय किंवा मांजर यांना कान टवकारून आवाजाकडे फिरवता येतात. माणसाला ती देणगी नसल्याने तो सगळे डोकेच फिरवतो, आणि फिरवताच संभ्रमाचा शंकू मोडतो. मान उजवीकडे वळवली असता समोरच्या थेंबाचा आवाज डाव्या कानाकडे झुकतो, मागच्याचा उजव्या कानाकडे. हान्स वालाख याने १९४० मध्ये दाखवून दिले की ही एवढीशी हालचाल पुढे-मागेचा निकाल लावायला पुरते. हेडफोन लावलेला श्रोता मान वळवतो तेव्हा मात्र सारा बोगदा त्याच्या डोक्याबरोबर फिरतो, थेंब जागचा हलत नाही, आणि मेंदू निष्कर्ष काढतो की जी गोष्ट डोक्याबरोबर फिरते ती डोक्यातच असली पाहिजे. अलीकडच्या काही हेडफोनांत मानेची हालचाल मोजून त्या प्रमाणात मुद्रा बदलण्याची सोय आली आहे. कृत्रिम अवकाशात कानोसा घेऊ देणारी ही पहिलीच सोय असल्यामुळे, शेकडो नव्या मुद्रासंचांपेक्षा तिचे मोल अधिक मानावे लागेल.

समजा, बऱ्हाणपूरची एखादी ध्वनिफेरी कोणी रचायची ठरवली, तर मिश्रणाचे निर्णय या तत्त्वांतूनच निघतील. निवेदकाचा आवाज कोणत्याही मुद्रेविना, जसाच्या तसा दोन्ही कानांना सारखा द्यावा. तो श्रोत्याच्या डोक्याच्या आत उमटेल, आणि एरवी जो हेडफोनचा दोष मानला जातो तो येथे गुण ठरेल, कारण निवेदन मग श्रोत्याच्या स्वतःच्या विचारासारखे आतून ऐकू येईल आणि गाव त्याच्या बाहेर राहील. ढोलाचा किंवा मालमोटारीच्या इंजिनाचा खर्जातला घुमारा मुद्रांमधून फिरवण्यात अर्थ नसतो. तेथे पाकळीचा उपयोग नाही आणि आवाजाचा भरीवपणा मात्र हकनाक जातो. मुद्रा उमटवलेला आवाज कोरडा ठेवला तर तो कानाशी चिकटून बसतो. त्याला डोक्याबाहेर ढकलायला आसपासच्या भिंतींची प्रतिबिंबे लागतात, आणि ती सर्व आवाजांसाठी एकाच खोलीची असावी लागतात. एक आवाज हमामखान्यात, दुसरा मोकळ्या घाटावर आणि तिसरा कपड्यांच्या कपाटात, असे मिश्रण कितीही अचूक कोनांत मांडले तरी श्रोत्याला उभे राहायला जागा मिळत नाही. तयार मिश्रण स्पीकरवर वाजवले की आणखी एक घोटाळा होतो: डाव्या कानासाठी केलेला आवाज उजव्या कानालाही ऐकू जातो, श्रोत्याचे खरे डोके पुतळ्याच्या डोक्यावर आपली मुद्रा दुसऱ्यांदा उमटवते, आणि सगळ्या चित्राचा चिखल होतो. त्यामुळे हे मिश्रण एकट्याने, हेडफोन लावून ऐकायचेच राहते. चारचौघांत ऐकण्याच्या आपल्याकडील सवयीला ते मानवणारे नाही, आणि त्याची ही मर्यादा तांत्रिक सुधारणांनी लवकर सरेल असे दिसत नाही.

कोणता आवाज कोठे ठेवायचा याचा विचार मराठी मुलखाला नवा नाही. मुक्ताईनगर परिसरातून निघून बऱ्हाणपूरच्या दक्षिणेकडच्या मुलखातून पंढरीकडे जाणाऱ्या मुक्ताईच्या पालखीसोबतची एखादी दिंडी पाहिली तर दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या रांगा आणि मध्ये पखवाजी व वीणेकरी ही मांडणी नजरेत भरते. टाळाचा आवाज वरच्या पट्टीतला, झणझणीत आणि दिशा चटकन सांगणारा, म्हणून तो कडांना शोभतो. पखवाजाचा खर्ज सर्वांना सारखा पोहोचावा लागतो, म्हणून तो मधोमध. ही व्यवस्था ध्वनिशास्त्र वाचून कोणी केलेली नाही, चालण्याच्या सोयीने आणि मानाने ती ठरत आली, पण मिश्रण करणाऱ्याला दिंडीत मधोमध चालणाऱ्या माणसाच्या कानांहून चांगला गुरू मिळणे कठीण आहे.

या सगळ्या हिशेबात एक कान गृहीत धरलेला असतो, आणि तो निरोगी असतो. मागांच्या खोलीतला आवाज ९० डेसिबलची पातळी सहज ओलांडतो. आठ तासांच्या पाळीसाठी भारतातील कारखान्यांच्या नियमांत मानलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे. अशा आवाजात वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्या माणसाची श्रवणशक्ती सरसकट कमी होत नाही. ती आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्टीत, विशेषतः ४००० च्या आसपास, खचते, आणि मग तो खड्डा रुंदावत वरच्या पट्टीकडे जातो. म्हणजे पाकळीच्या वळ्या जेथे वर-खाली आणि पुढे-मागे यांचे संकेत लिहितात, तोच कागद विणकराच्या कानातून हळूहळू फाटत जातो. खालच्या पट्टीतला उशीर शाबूत असल्याने डावे-उजवे त्याला बराच काळ कळत राहते. धोटा कोणत्या पेटीत आदळला हे तो सांगू शकेल. पाठीमागून येणारी सायकलची घंटी मात्र पुढून येते आहे असे त्याला वाटू शकेल. दोन कानांचा आणखी एक लाभ आहे, जो १९४८ मध्ये लिक्लायडर आणि हर्श यांनी स्वतंत्रपणे मोजला: गोंगाट आणि त्यात दडलेला नाद हे दोन कानांत वेगवेगळ्या रीतीने पोहोचले तर खालच्या पट्टीतला नाद सुमारे १५ डेसिबलपर्यंत अधिक सहज वेगळा काढता येतो. शेजारच्या मागावरचा साथीदार जे ओरडून सांगतो ते समजण्यात ओठांकडे पाहण्याइतकाच या लाभाचाही वाटा असतो, आणि एक कान अधिक बिघडला की तो वाटा जातो. बायनॉरल मिश्रणाच्या प्रात्यक्षिकांत न्हाव्याच्या कात्रीचा आवाज कानामागून फिरवून श्रोत्याला चकित करण्याची हौस फार. ज्याच्या कानातून ती पट्टीच गेली आहे त्याला त्या कात्रीतले काहीच कळणार नाही, आणि मुद्रासंच मोजताना या कानांची मापे सहसा कोणी घेत नाही.

विणकराच्या ऐकण्यात मात्र एक असे कौशल्य आहे, ज्यापुढे मिश्रणाचे टेबल थिटे पडते. एक माणूस एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. सगळे आपापल्या ठेक्यात खडखडत असतात, कोणाचाही ठेका कोणाशी जुळत नाही. धागा तुटला किंवा कांडी संपली की त्यांतला एक माग थांबतो, आणि गोंगाट इतरांच्या बळावर पूर्वीइतकाच चालू राहतो. तरीही सरावलेल्या विणकराला काहीतरी उणे झाल्याचे जाणवते आणि तो वळतो. येथे कानाला दिशा शोधायची असते ती एका शांततेची, आणि शांततेला ना उशीर असतो, ना तिची डोक्यावर सावली पडते, ना पाकळीत तिची मुद्रा उमटते. तिची जागा कळायची तर उरलेल्या सगळ्या आवाजांच्या जागा आधी पक्क्या ठाऊक असाव्या लागतात, जशी पंगतीत एक पान रिकामे आहे हे कळायला बाकीची पाने मांडलेली असावी लागतात. मिश्रण करणाऱ्याला असे रिकामे पान एखाद्या ठिपक्यासारखे सरकवता येत नाही. त्याला आधी सगळे माग वेगवेगळ्या कोनांत, वेगवेगळ्या ठेक्यांत, एकाच खोलीत उभे करावे लागतील, श्रोत्याला त्या खोलीत कंटाळा येईपर्यंत थांबवावे लागेल, आणि मगच त्यांतला एक बंद करता येईल.

लाइट जाते तेव्हा बऱ्हाणपूरच्या मागांच्या गल्लीत हेच उलट्या क्रमाने घडते. मोटारी एकदम थांबत नाहीत. फिरत्या चाकांचा जोर संपेपर्यंत काही माग आणखी दोन-चार फेऱ्या घेतात, कोणी जवळचा आधी थांबतो, कोणी पलीकडच्या गल्लीतला नंतर, आणि शेवटचा धोटा पेटीत आदळतो तेव्हा त्याची दिशा कधी नव्हे इतकी स्पष्ट असते. मग इतका वेळ झाकलेले गाव वर येऊ लागते: वरच्या मजल्यावरचे भांडे, चौकातला रिक्षाचा भोंगा, शेजारच्या ओट्यावरचे बोलणे. विणकर दारात येऊन उभा राहतो. दिवसभराच्या दणक्याने कान अजून बधिर असतात, त्यामुळे हे सारे त्याला कापडाआडून आल्यासारखे, थोडे दबलेले ऐकू येते, आणि कोणीतरी हाक मारली असे वाटून तो मान आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला वळवतो.